ख्मेर त्रयीची कांस्य प्रतिकृती: शिल्प ठीक, रंगकाम कच्चं

बँकॉकच्या एका दुकानातली ही 14 सेंमी उंचीची प्रतिकृती. मूळ घाट कंबोडियाच्या ख्मेर साम्राज्याचा राजा सातवा जयवर्मन याच्या काळातला, म्हणजे 1181 नंतरचा: मधे नागाच्या तीन वेटोळ्यांवर ध्यानस्थ बुद्ध, त्याच्या उजवीकडे चार हातांचा लोकेश्वर (करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर), डावीकडे प्रज्ञेची देवी प्रज्ञापारमिता. तिघं एकाच पीठावर.

नागाचे सातही फणे सुटे, धारदार आलेत. जोडाची रेघ कुठेच नाही, म्हणजे बहुधा मेणाच्या नमुन्यावर साचा करून, मेण वितळवून ओतलंय. लोकेश्वराच्या हातांत मात्र घोळ आहे. माळ, पोथी, कमळ, कमंडलू अशा चार वस्तू हव्यात. इथे पोथीची नुसती वीट झालीय. मुकुटातला इवलासा अमिताभ बुद्ध, म्हणजे लोकेश्वराची ठरलेली खूण, तर पुसटच. मेणावरचं कोरीवकाम उथळ राहिलं की ओतल्यावर असंच होतं. ही खूणच नसेल तर लोकेश्वर ओळखायचा कसा?

खरी तक्रार हिरव्या रंगाची. आम्ल लावून झटपट चढवलेला, नीट न धुतलेला. पावसाळ्यात खाचांतून फिकट हिरवी पूड सुटते. मऊ कोरड्या ब्रशने झाडावी आणि मूर्ती कोरड्या जागी ठेवावी. चिंच-लिंबू अजिबात नको, रंगाबरोबर बारकावेही जातात.

अभ्यासाला चालेल. किंमत मात्र जास्तच.