दम्यासाठी खानदेशात: कुसुंब्याच्या पुढची महिनेवारी खोली, १४ महिन्यांनंतर

मी रत्नागिरीकडची. प्राथमिक शाळेत ३१ वर्षं शिकवलं, आता वय ६३. दमा मागे लागला तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. जूनपासून भिंतींना ओल येते, कपाटातल्या साड्यांवर पांढरी बुरशी धरते आणि दांडीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये निळा पंप, म्हणजे दम लागल्यावर लगेच आराम देणारा, दिवसाला चार-पाच वेळा ओढावा लागत होता. रात्री उशांना टेकून बसूनच झोपायचे. माझ्या डॉक्टरांनी सुचवलं की जमत असेल तर काही महिने कोरड्या हवेत राहून बघा. मुलगा परगावी, यजमान नाहीत. मला अडवणारं घरात कोणी नव्हतं.

ही खोली धुळ्याहून साक्रीकडे जाताना कुसुंब्याच्या पुढे, महामार्गापासून आत एका शेतकऱ्याच्या घराला लागून आहे. भाडं महिना ४,००० रुपये, दोन वेळच्या डब्याचे २,८०० वेगळे. डिसेंबर २०२३ पासून मी इथे आहे, म्हणजे एक पूर्ण हिवाळा, उन्हाळा, पावसाळा आणि आता दुसरा हिवाळा संपत आला. एखाद्या महिन्यावरून मत दिलं असतं तर ते अर्धवट झालं असतं, म्हणून इतके दिवस थांबले.

त्याआधी माझी एक चूक झाली, ती सांगते. मी सगळ्यात आधी नंदुरबारला गेले होते. कोरडी हवा, भरपूर ऊन, भाडं कमी, एवढंच बघितलं. नंदुरबारची लाल मिरची प्रसिद्ध आहे आणि ती वाळते त्या पथाऱ्या मोकळ्या मैदानांत असतात, हे ऐकून माहीत होतं, पण माझ्या खोलीशी त्याचा संबंध जोडला नाही. नोव्हेंबरात मिरची आली. ज्या उन्हासाठी मी गेले, त्याच उन्हासाठी तिथे मिरची पसरतात. वारा फिरला की घसा धरायचा, डोळ्यांतून पाणी यायचं. तीन आठवड्यांत सामान उचललं. गावाचा काही दोष नाही, त्यांचा तो पिढ्यांचा व्यवसाय आहे. खोली बघायला मी सप्टेंबरात गेले होते, तेव्हा मैदानं रिकामी होती. म्हणून इथे खोली ठरवताना पहिला प्रश्न विचारला तो भाड्याचा नव्हता. आसपास मिरची, कापसाचं जिनिंग, वीटभट्टी, खडीचं क्रशर काय काय आहे आणि कोणत्या महिन्यात चालतं, ते विचारलं. घरमालकांना आम्ही सगळे नाना म्हणतो. त्यांनी मला घराच्या चारी बाजूंनी फिरवून दाखवलं.

आता खोलीबद्दल. त्यांच्याकडे भाड्याच्या दोन खोल्या आहेत. एक जुनी, धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची आणि मातीच्या जाड भिंतींची. दुसरी विटांची, स्लॅबची. धाब्याची खोली मे महिन्यातही थंड असते आणि बघताक्षणी तिचाच मोह होतो. पण वरून बारीक माती सतत गळते. अंथरुणावर सकाळी हात फिरवला की बोटाला लागते. दम्याच्या माणसाला ती नको. मी स्लॅबची घेतली. पूर्वेला दार, दक्षिणेला मोठी खिडकी, साडेसातला ऊन थेट पलंगावर येतं. वाईट गोष्ट एकच, पश्चिमेची भिंत उघडी आहे. दुपारनंतर ती तापते ती रात्री दहापर्यंत तापलेलीच. एप्रिल-मेमध्ये मी अंगणात खाट टाकून झोपले.

मी बरोबर आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र आणलंय. जानेवारीच्या दुपारी २८ ते ३५ टक्के दाखवतं, एप्रिलमध्ये त्याहूनही खाली गेलेलं बघितलं. हा आकडा महत्त्वाचा का, ते सांगते. अंथरुणातल्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे माइट्स असतात. ते पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावा अंगात ओढून घेतात. हवा बरेच आठवडे ५० टक्क्यांच्या खाली राहिली की ते तग धरत नाहीत. बुरशीचंही तसंच. पण मेल्यावरही त्यांची घाण गादीत राहते आणि ॲलर्जी तिचीच असते. मी घरून माझी आवडती गोधडी आणली होती, तिच्याबरोबर कोकणातली सगळी ओलही आली. पहिले पंधरा दिवस फरक का पडत नाही, ते कळेना. मग माईंनी, म्हणजे नानांच्या पत्नींनी, चुलीवर हंडाभर पाणी उकळून ती धुऊन दिली आणि गच्चीवर दोन दिवस कडक उन्हात टाकली. गादी-उशी इथे येऊन नवी घ्या.

फरक पडला तो असा. पीक फ्लो मीटरवर, म्हणजे फुंकर मारून श्वासाचा जोर मोजायच्या यंत्रावर, घरी ऑगस्टमध्ये २१० च्या आसपास यायचं, इथे फेब्रुवारीत २९० झालं. निळा पंप डिसेंबर २०२४ च्या अख्ख्या महिन्यात दोनदा लागला. रोजचा पंप मी सोडलेला नाही. त्याचा डोस डॉक्टरांनी तपासून कमी केला, मी मनाने नाही. ऊन आलं म्हणून पंप बंद करणारी माणसं मी बघितली आहेत. कृपा करून तसं करू नका.

ऊन इकडे किती आहे? साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प उगाच उभा राहिला नाही. सह्याद्रीने पाऊस पलीकडेच अडवला की इकडे उरतो तो वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आतबाहेर. तरी जुलै-ऑगस्टमध्ये माझं यंत्र ७५ पर्यंत चढलं आणि थोडा त्रास झालाच. पण दोन दिवस उघाड मिळाली की गादी गच्चीवर टाकता येत होती. घरी चार महिने ते शक्य नसतं.

कोरड्या हवेचाही त्रास आहे. ओठ, टाचा फुटतात, नाकात खपल्या धरतात. मी रात्री नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब घालते. जानेवारीत पहाटे यंत्रावर ९ अंश बघितलं. असली गार, कोरडी हवा एकदम छातीत गेली की दम उठतो, म्हणून आठच्या आधी मी दार उघडत नाही आणि तोंडाला स्कार्फ बांधते. उन्हाळ्यात ४४ अंशांना कूलर लावावाच लागतो, पण इथे मी फसले. कूलर हवेत ओलावाच सोडतो. खिडक्या बंद करून चार रात्री लावला तर आर्द्रता ७० वर गेली, जाळीच्या गवताला कुबट वास आला आणि खोकला परत सुरू झाला. नानांनी तिन्ही जाळ्यांचं गवत बदलून दिलं. तेव्हापासून खिडकी उघडी ठेवूनच लावते आणि सकाळी टाकी रिकामी करते.

या घराला मी सगळ्यात जास्त गुण देते ते माणसांसाठी. गेल्या नोव्हेंबरात कापूस वेचून आला आणि भाव नाही म्हणून नानांनी तो पुढच्या खोलीत छतापर्यंत भरला. इकडे घरोघरी असंच करतात. दोन दिवसांत माझ्या अंगाला खाज आणि छातीत घरघर. त्यांचं वर्षाचं उत्पन्न त्या खोलीत होतं, मी भाडेकरू, बोलायचं कसं? तिसऱ्या दिवशी बोलले. नाना काही बोलले नाहीत. संध्याकाळी दोन गडी बोलावले आणि सगळा कापूस मागच्या गोठ्याशेजारच्या शेडमध्ये हलवला. रात्री भाकरीचा डबा द्यायला आले आणि विचारलं, "ताई, आज दम लागस का?" मला तेव्हा बोलता येईना, पण ते दम्यामुळे नव्हे.

जेवण चांगलं आहे, तिखट मात्र फार. मी सांगितल्यावर माई माझी भाजी आधी वेगळी काढतात. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, दादर ज्वारीची भाकरी, गुरुवारी वरण-बट्टी. ठेच्यासाठी मिरच्या भाजायच्या आधी त्या "ताई, खिडकी लावा" अशी हाक मारतात, चौदा महिन्यांत एकदाही विसरल्या नाहीत. भरीत कपाशीच्या काड्यांवर भाजतात, तो धूर मला चालत नाही, म्हणून वांगी शेतात भाजून आणतात. चव मात्र त्या काड्यांचीच हवी, गॅसवरच्या भरताला ती येत नाही.

बोअरचं पाणी जड आहे, किटलीत पांढरा थर बसतो. प्यायला मी जार घेते. वीज उन्हाळ्यात जाते. धुळ्याच्या मोठ्या सरकारी रुग्णालयापर्यंत एसटीने तास-पाऊण तास लागतो, म्हणून औषधाची वाफ देणारा नेब्युलायझर आणि बॅटरी जवळ ठेवली आहे. ज्यांना वारंवार दाखल व्हावं लागतं, त्यांनी धुळ्यातच खोली बघावी. कोकणातून येणाऱ्यांनी चाळीसगावला उतरून धुळ्याची गाडी धरावी, रात्रभर बसमध्ये पाठ मोडण्यापेक्षा ते बरं.

पाचपैकी चार तारे. एक कमी केला तो पश्चिमेच्या भिंतीसाठी. नाना म्हणतात, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी तिला आणि गच्चीला पांढरा चुना मारून देतो, भिंतीपुढे शेवग्याच्या फांद्याही लावतो. फांद्या कालच आणून पाण्यात ठेवल्या आहेत.