खुबा बदलायचाय, वजन जास्त आहे: आत्ताच ऑपरेशन की आधी वजन कमी?

खुब्याचा सांधा झिजलाय, एक्स-रेत गोळा आणि वाटी यांच्यातली फट जवळजवळ दिसेनाशी झालीय, आणि डॉक्टर म्हणतात, "आधी वजन कमी करा, मग बघू." चालताच येत नाही तर वजन उतरणार कसं, हा पेशंटचा प्रश्न अगदी रास्त आहे. म्हणून दोन्ही पर्याय शेजारी शेजारी मांडून बघू: आहे त्या वजनावर ऑपरेशन, किंवा काही महिने थांबून वजन उतरवून मग ऑपरेशन.

फायदा कोणाला किती?

जाड माणसाला हिप रिप्लेसमेंटचा फारसा उपयोग होत नाही, असं सर्रास बोललं जातं. ते खरं नाही. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर यांत दुखण्यात, चालण्यात पडणारा फरक जास्त वजनाच्या पेशंटमध्येही जवळपास इतरांइतकाच असतो. त्यांची सुरुवातच अधिक वाईट अवस्थेतून होते, त्यामुळे वर्षभरानंतर हालचालीत ते थोडे मागे राहू शकतात, एवढंच. वजनामुळे नवा सांधा भराभर झिजेल ही भीतीही बरीचशी अनाठायी आहे. वजन जास्त असलं तरी दिवसाला पावलं कमी पडतात, आणि वाटीतलं हल्लीचं प्लास्टिक पूर्वीपेक्षा खूप टिकाऊ आहे.

धोका मात्र खरंच वेगळा आहे

आहे त्या वजनावर ऑपरेशन करताना सर्वात जास्त विचार जंतुसंसर्गाचा करायला हवा. चरबीच्या थराला रक्तपुरवठा कमी असतो. थर जाड असला की चीर मोठी घ्यावी लागते, वेळ जास्त लागतो, आणि जखमेतून पाणी झिरपत राहण्याची शक्यता वाढते. चीर कुठे घेतली जाते यालाही महत्त्व आहे. खुब्याच्या पुढच्या बाजूने, जांघेजवळ चीर घेतली आणि त्यावर पोटाची घडी येत असेल, तर तिथे घाम आणि ओल साचते, टाके भरून यायला त्रास होतो. अशा पेशंटसाठी बाजूची किंवा मागची चीर सोयीची पडू शकते. सर्जनला हे जरूर विचारा.

आणखी एक बारकावा. ऑपरेशनआधी दिल्या जाणाऱ्या सेफाझोलिन या अँटिबायोटिकचा नेहमीचा डोस २ ग्रॅम असतो, १२० किलो किंवा त्याहून जास्त वजन असेल तर ३ ग्रॅम. छोटी गोष्ट वाटते, पण संसर्ग खोल इम्प्लांटपर्यंत पोचला तर सांधा काढून पुन्हा नवा बसवण्यापर्यंत वेळ येते. त्यात महिनेच्या महिने जातात.

सांधा निखळण्याचं प्रमाणही जास्त वजनात वाढतं. पायात गुठळी होण्याचा धोका असतोच, आणि झोपेत श्वास अडकत असेल तर भूलतज्ज्ञाला ते आधीच कळायला हवं.

थांबून काय मिळतं, काय जातं?

चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण तिप्पट भार येतो. म्हणजे ५ किलो उतरले तर प्रत्येक पावलाला सुमारे १५ किलोचा भार हलका होतो. काहींचं दुखणं एवढ्यानेही इतकं कमी होतं की ऑपरेशन पुढे ढकलता येतं. पण उपास-तापास करून घाईघाईने वजन उतरवलं तर स्नायू झडतात, प्रथिनं कमी पडतात, आणि जखम भरून यायला प्रथिनंच लागतात. म्हणूनच १८.५ च्या खालचा बीएमआयही (उंचीच्या मानाने वजन किती आहे ते सांगणारा आकडा) सुरक्षित नाही. अशा पेशंटना आधी अंगात ताकद भरून घ्यावी लागते. वजन कमी करणारी इंजेक्शनं चालू असतील तर भूलतज्ज्ञाला सांगायलाच हवं, कारण त्यांनी पोट उशिरा रिकामं होतं.

आणि नुसतं थांबणं? ते सर्वात वाईट. नितंबाचे स्नायू सुकतात, लंगडणं वाढतं, सांधा आखडतो, वर वेदनाशामक गोळ्यांचा मारा किडनी आणि जठरावर होतो.

४० ची रेघ

बऱ्याच ठिकाणी बीएमआय ४० च्या वर असेल तर ऑपरेशन नाकारलं जातं. १६० सेंटिमीटर उंचीच्या माणसाचा बीएमआय ३९ म्हणजे साधारण १०० किलो आणि ४१ म्हणजे १०५ किलो. या ५ किलोंत धोका अचानक उडी मारत नाही, तो हळूहळू चढत जातो. ब्रिटनमधल्या 'नाइस' या संस्थेने २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं की केवळ वजन जास्त म्हणून कोणाला सांधेबदलासाठी पाठवायचं टाळू नये. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या आणि हिप-गुडघा सर्जनांच्या संघटनांनी २०२३ मध्ये सुचवलं की ठरावीक बीएमआय गाठण्यासाठी ऑपरेशन लांबवू नये. साखर ताब्यात नसेल किंवा तंबाखू-सिगारेट चालू असेल तर मात्र थोडं थांबावं, असं त्यांचंच म्हणणं आहे, आणि मला ते पूर्ण पटतं.

माझं मत असं. बीएमआय ३५ च्या आत असेल आणि झोप उडवणारं दुखणं असेल, तर वजनासाठी थांबू नका. ३५ ते ४० मध्ये आधी साखर, रक्तदाब, तंबाखू यांचा बंदोबस्त करा. ४० च्या वर असाल तर आहारतज्ज्ञाच्या मदतीने तीन-चार महिने मनापासून प्रयत्न करणं योग्यच, पण थांबायला सांगणाऱ्या डॉक्टरांकडून फेरतपासणीची तारीख त्याच दिवशी घ्या. आणि वजन ठरल्याइतकं उतरलं नाही तर पुढे काय, हेही तेव्हाच विचारा. ऑपरेशननंतर चालणं वाढून वजन आपोआप उतरेल यावर विसंबू नका. बहुतेकांचं ते होतं तिथेच राहतं.