नायट्रोजन डायऑक्साइड मोजायचाय: नळी टांगू की पंप लावू?

चौकातल्या धुरात नायट्रोजन डायऑक्साइड किती, हे बघायला स्वयंचलित यंत्रच हवं असं नाही. रंगावर काम भागतं. ठरवायचं एवढंच, की वायू पकडायचा कशात: टांगलेल्या नळीत की पंपानं हवा ओढून द्रावणात.

शेवटची पायरी दोन्हीकडे सारखीच. पकडलेला वायू नायट्राइट होऊन बसलेला असतो. त्यात आम्लासोबत सल्फानिलअमाइड आणि एनईडीए ही रंग आणणारी दोन रसायनं घातली, की पाण्यासारखं द्रावण हळूहळू गुलाबी होतं. जितका वायू तितका गडद रंग. तो 540 नॅनोमीटरच्या आसपास मोजायचा.

नळी म्हणजे पाम्स या संशोधकांनी 1976 मध्ये मांडलेली, जेमतेम सात सेंटिमीटरची. वरच्या टोपणात ट्रायइथॅनॉलअमाइन हे वायू शोषणारं रसायन लावलेली स्टीलची जाळी, खालचं तोंड उघडं. ना पंप, ना वीज. दिव्याच्या खांबाला बांधा आणि दोन ते चार आठवडे विसरा. ब्रिटनमधल्या नगरपालिका अशाच नळ्या रस्तोरस्ती लावतात. पण हाती येते ती फक्त त्या काळाची सरासरी. शिवाय वारा. मी पहिली नळी हौसेनं गच्चीच्या कठड्यावर बांधली, तर आकडा खालच्या रस्त्याहून जास्त! वाऱ्यानं नळीच्या तोंडाशी हवा घुसळते, वायूची वाट आखूड होते आणि आकडा फुगतो.

पंपाच्या पद्धतीत हवा सोडियम हायड्रॉक्साइड आणि सोडियम आर्सेनाइटच्या द्रावणातून बुडबुडत नेतात. हीच सुधारित जेकब्स-हॉकहायझर पद्धत. आपल्याकडच्या सरकारी मोजणीत ती रुळलेली आहे. भारतातली 24 तासांची मर्यादा घनमीटरला 80 मायक्रोग्रॅम, वर्षाची 40. पैकी 80 शी ताडून बघायचं असेल तर पंपाला पर्याय नाही, नळी तिथे मुकी. मात्र प्रवाह चुकला की आकडा चुकला, आणि आर्सेनाइट जहरी. उरलेलं द्रावण मोरीत ओतायचं नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत तर मी ते ठेवूच देणार नाही.

स्टार्च-आयोडाइडचा कागद प्रदर्शनापुरता ठीक. तो मुळात ओझोनसाठीचा, त्यात दमट हवेत रंग वेगळाच येतो.

दहा चौकांची तुलना करायची असेल तर डोळे झाकून नळ्या घ्या. एका जागी तीन लावा, आणि एक जादा नळी टोपण न काढता सोबत न्या. तीही घरी आल्यावर थोडी गुलाबी होते. तेवढा रंग बाकीच्यांतून वजा करायचा असतो.