स्लो कुकरमध्ये पार्सलवालं चिकन, बरेच महिने करून झाल्यावर

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. स्लो कुकर, म्हणजे तासन्‌तास मंद आचेवर शिजवणारं विजेचं भांडं, घरात आला म्हणून बाहेरून मागवतो तसलं चायनीज चिकन आपोआप तयार होत नाही. चिकन मऊ होतं, अगदी चमच्याने तुटेल इतकं मऊ होतं, पण पार्सलच्या डब्यात जो चकचकीत सॉस प्रत्येक तुकड्याला चिकटून बसलेला असतो आणि कडा जरा खरपूस लागतात ना, ते सगळं शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत होतं आणि बहुतेक वेळा कुकरच्या बाहेरच होतं. एवढं मान्य असेल तर मशीन भारी आहे. नसेल तर महिन्याभरात माळ्यावर जाईल.

आमचा साधारण सहा लिटरचा, लंबगोल, आत सिरॅमिकचं जड भांडं आणि वर काचेचं झाकण असलेला. घरात पाच माणसं आहेत, त्यामुळे हा साइज बरोबर बसतो, कारण भांडं अर्धं ते दोन-तृतीयांश भरलेलं असलं तरच हे मशीन नीट चालतं. सहा लिटरच्या भांड्यात दोघांपुरतं चिकन टाकलंत तर ते लवकर शिजतं आणि कडेने सॉस करपतो. बटणं तीनच, लो, हाय आणि वॉर्म. बऱ्याच जणांना वाटतं की हायवर जास्त तापतं आणि लोवर कमी. तसं नाही, बहुतेक मशीनमध्ये दोन्ही शेवटी उकळीच्या जरा खालीच पोचतात, हाय लवकर पोचतो आणि लो सावकाश, फरक तेवढाच. वीज फारशी लागत नाही, या साइजचे कुकर साधारण २०० ते ३०० वॅटचे असतात, म्हणजे चार-पाच तास चालवला तरी एक-दीड युनिटच्या वर जात नाही.

आणि हे मशीन मुळात कशासाठी बनलं ते माहीत असलं की अपेक्षा आपोआप जागेवर येतात. अमेरिकेत अर्व्हिंग नॅक्सन नावाच्या माणसाला याचं पेटंट १९४० मध्ये मिळालं, आणि त्याच्या डोक्यात होता रात्रभर मंद आचेवर शिजणारा कडधान्य आणि मांसाचा रस्सा, जो त्याची आई तिच्या लहानपणीच्या लिथुआनियातल्या आठवणींतून सांगायची. पुढे १९७१ मध्ये तेच यंत्र क्रॉक-पॉट या नावाने बाजारात आलं आणि घरोघरी पोचलं. म्हणजे जन्मापासून हे रश्श्याचं भांडं आहे. आणि पार्सलवालं चिकन म्हणजे काय, तर तळून घेतलेले तुकडे, मोठ्या जाळावर मिनिटभर सॉसमध्ये परतलेले. दोन्ही पार उलट टोकं. त्यामुळे रेसिपीत 'सगळं टाका आणि विसरून जा' असं लिहिलेलं दिसलं की मी सरळ पुढच्या रेसिपीवर जातो.

आता चिकन कुठलं घ्यायचं. थाय, म्हणजे कोंबडीच्या मांडीचं मांस. बोनलेस थाय. यावर मी घरात आणि बाहेर दोन्हीकडे भांडायला तयार आहे. ब्रेस्टमध्ये फारशी चरबीही नाही आणि मांसाचे धागे जोडून ठेवणाऱ्या चिवट ऊतीही फारशा नाहीत, त्यामुळे सुरक्षित तापमान, म्हणजे ७४ अंश सेल्सिअस, ओलांडून ते वर जायला लागलं की कोरडं पडतं, आणि रश्श्यात बुडालेलं असलं तरी कोरडंच पडतं, हे लोकांना पटत नाही पण खाऊन बघा. थायचं उलट आहे, त्यातलं कोलॅजन, म्हणजे त्या ऊतींमधलं चिवट प्रथिन, विरघळायला वेळ आणि जास्त उष्णता लागते, ते ८० च्या पुढे गेलं की खरं मजेशीर लागायला लागतं. लोवर थाय चार ते पाच तास, ब्रेस्टच हवं असेल तर अडीच-तीन तास आणि तिथे थर्मामीटर लावून बघायचंच. 'आठ तास लो' असं जिथे लिहिलंय ते बोनलेस चिकनसाठी फारच झालं, त्याचे दोरे होतात, मग ते सॉसमध्ये कालवून पावात भरायला ठीक, पण भातावर तुकडे तुकडे दिसणारं चिकन हवं असेल तर नाही. सकाळी लावून दिवसभर ऑफिसला जाणाऱ्यांनी हे लक्षात घेऊनच घ्यावा, टायमर संपल्यावर आपोआप वॉर्मवर जाणारा असेल तरच. आमच्याकडच्यात टायमर नाही आणि ती मला सगळ्यात मोठी उणीव वाटते. म्हणून मी तो दुपारी घरी कुणी असेल तेव्हाच लावतो.

सॉसचं गणित पूर्ण वेगळं आहे. कढईत पाणी उडतं, इथे उडतच नाही, वाफ झाकणाला लागते आणि परत आत पडते, शिवाय चिकन स्वतःचं पाणी सोडतं ते वेगळं. म्हणजे जेवढं पातळ आत टाकलं त्यापेक्षा जास्त शेवटी निघतं. त्यामुळे मी पाणी किंवा स्टॉक थेंबभरही घालत नाही. एक किलो थायला अर्धा कप सोया सॉस, पाव कपाच्या जरा वर ब्राउन शुगर किंवा मध, दोन मोठे चमचे टोमॅटो केचप, चिली सॉस आपापल्या जिभेप्रमाणे, आणि ठेचलेला लसूण-आलं, बस. भांड्यात बघितलं तर वाटतं हे फारच कोरडं आहे, तुकडे नीट बुडलेलेही नाहीत. दोन तासांनी काचेतून बघा, बुडालेले असतात.

सोया सॉस शक्यतो कमी मिठाचा घ्या. साध्या सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात जवळजवळ ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला २००० च्या आत राहा म्हणते. शिवाय नंतर आपण सॉस आटवणार आहोत, तेव्हा पाणी जातं, मीठ तिथेच राहतं. कुकरमध्ये चाखून 'बरोबर आहे' वाटलेला सॉस आटल्यावर खारट होतो. कुकरमध्ये तो जरा अळणीच लागला पाहिजे.

आता ती शेवटची वीस मिनिटं. चिकन झाऱ्याने ताटलीत काढायचं, सॉस गाळून किंवा तसाच पसरट पॅनमध्ये ओतायचा आणि मोठ्या गॅसवर खळखळ उकळू द्यायचा, आठ-दहा मिनिटांत जवळजवळ अर्धा होतो. मग दोन चमचे कॉर्नफ्लॉवर थंड पाण्यात कालवून धार धरून ओतायचं आणि हलवत राहायचं. इथे एक क्षण असा येतो की सॉस आधी दुधाळ, मळकट दिसतो, वाटतं बिघडला, आणि मग उकळी फुटली की एकदम पारदर्शक आणि चकचकीत होतो, चमच्याच्या पाठीवर बोट फिरवलं तर रेघ तशीच राहते. तो झाला की गॅस बंद. हेच कॉर्नफ्लॉवर सुरुवातीलाच कुकरमध्ये टाकायला सांगणाऱ्या रेसिपी ढिगाने आहेत, पण स्टार्च नीट फुलायला उकळीच्या जवळचं तापमान लागतं, आणि फुलल्यावर तासन्‌तास आंबट सॉसमध्ये शिजत राहिला की परत पातळ होतो. पॅन घासायचा कंटाळा असेल तर शेवटचा अर्धा तास हायवर ठेवून कुकरमध्येच कॉर्नफ्लॉवर घाला, जमतं, पण तेज येत नाही आणि सॉस थोडा पातळच राहतो. मंगळवारच्या जेवणाला चालतं.

खरपूसपणाबद्दल. ओल्या भांड्यात तापमान १०० च्या वर जाऊच शकत नाही, आणि मांस खमंग तपकिरी व्हायला त्याच्या बरंच वरचं तापमान लागतं, त्यामुळे कुकरमधून निघालेलं चिकन फिकट राखाडीच असणार, सोया सॉसचा रंग चढतो तेवढाच. दोन उपाय आहेत. एक, आधी तुकड्यांना कॉर्नफ्लॉवर लावून तव्यावर दोन्ही बाजूंनी लालसर करून मग कुकरमध्ये टाकायचे, यात कवच नंतर मऊ पडतं पण ती खमंग चव सॉसमध्ये उतरते. दुसरा, शिजलेलं चिकन ट्रेवर पसरून वरून थोडा घट्ट सॉस लावून ओव्हनच्या ग्रिलखाली चार-पाच मिनिटं ठेवायचं. मी दुसरा करतो. आधी परतायचं म्हणजे स्लो कुकरचा सगळा आळशीपणाच गेला ना. ग्रिलखाली कडा काळपट-लाल होतात, साखर बुडबुडते, समोरून हलायचं नाही कारण मिनिटभरात करपतं. आणि नाही, कुरकुरीत होत नाही. कुरकुरीत हवं असेल तर तळा, दुसरा मार्ग नाही.

चवीच्या गोष्टी उशिरा घालायच्या, हे मला सगळ्यात उपयोगी पडलं. पाच तास शिजलेला लसूण गोडसर होतो पण त्याचा ठसका जातो, म्हणून अर्धा आधी आणि अर्धा कच्चा किसून शेवटी पॅनमध्ये. तिळाचं तेल, व्हिनेगर, लाल मिरचीचे फ्लेक्स, कांद्याची पात, हे सगळं गॅस बंद केल्यावर. सिमला मिरची तर कुकरमध्ये घालूच नका, तिचा चिखल होतो आणि ब्रोकोलीचा वास घरभर फिरतो. वेगळ्या पॅनमध्ये दोन मिनिटं परता आणि वर टाका.

आता कुठलं चिकन कसं होतं ते. तीळ-मधाचं सगळ्यात छान होतं, पोरं भात मागून मागून खातात. ऑरेंज चिकनमध्ये संत्र्याचा रस तासन्‌तास शिजला की त्याचा ताजेपणा जाऊन नुसता आंबट-गोड पाक उरतो, म्हणून रस थोडाच आणि संत्र्याची किसलेली साल शेवटी, मग कुठे संत्रं जाणवतं. काजूचं चिकन ठीक, काजू मात्र भाजून वरून. जनरल त्सो, म्हणजे अमेरिकेतल्या चायनीज हॉटेलांतलं गोड-तिखट चिकन, घरी केलं तर साखर निम्मी करा असं माझं मत. हा पदार्थ चीनमधल्या हुनानहून तैवानला गेलेल्या पेंग चांग-क्वे या शेफने १९५० च्या दशकात बनवला आणि मूळचा तो गोड नव्हताच, आंबट-खारट-तिखट होता, गोडवा नंतर अमेरिकेत चढला. गोड कमी केलं की मिरची आणि व्हिनेगर वर येतं आणि मोठ्या माणसांना ते जास्त आवडतं, लहानांना नाही, तेव्हा त्यांच्या वाटीत मध ओता. अननसाचं आंबट-गोड करणार असाल तर ताजा अननस सुरुवातीला अजिबात नको. त्यातलं ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम मांस फोडतं, कढईत उष्णतेने ते लगेच निकामी होतं पण इथे भांडं इतक्या सावकाश तापतं की त्याला भरपूर वेळ मिळतो आणि चिकनचा लगदा होतो. डब्यातला अननस चालतो, तो आधीच तापवलेला असतो.

झाकणावरून आमच्याकडे रोजची लढाई आहे. प्रत्येक वेळी उघडलं की कोंडलेली वाफ जाते आणि स्वयंपाक पंधरा-वीस मिनिटं मागे जातो. आईला हे कितीही सांगा. "अगं आई, झाकण नको ना उघडूस," म्हटलं की, "अरे बघू तर दे, वास कसला सुटलाय!" आता मी तिला हळूच झाकणावर टिचकी मारायला सांगतो, काचेवरचे थेंब खाली घसरतात आणि आतलं दिसतं, तेवढ्यावर भागतं. तिचं मत अजून तेच आहे म्हणा, कढईत अर्ध्या तासात झालं असतं. झालं असतं, खरंय. फक्त त्या अर्ध्या तासात कुणालातरी कढईपाशी उभं राहावं लागलं असतं, आणि संध्याकाळी सात वाजता आमच्याकडे तो माणूस मोकळा नसतो.

तक्रारी आहेतच. आमच्या कुकरची मागची बाजू जास्त तापते, तिथे साखरेची काळी कड धरते, म्हणून मी मध आता अर्धा वेळ गेल्यावरच घालतो आणि भांडं मधेच अर्धं फिरवून ठेवतो. भांडं प्रचंड जड आहे, भरलेलं असताना दोन्ही हातांनी उचलताना मनगट बोलतं. करपलेली कड रात्रभर कोमट पाण्यात भिजवली की निघते, पण गरम भांड्यात थंड पाणी ओतायचं नाही, सिरॅमिक तडकतं. त्याच कारणाने रात्री त्याच भांड्यात चिकन मुरवून फ्रिजमध्ये ठेवायचं आणि सकाळी तसंच थंडगार मशीनवर चढवायचं हेही नको, मुरवायला वेगळा डबा घ्या.

फ्रोझन चिकन थेट टाकायचं नाही, पूर्ण सुटू द्या, कारण बर्फ असलेलं मांस ४ ते ६० अंशांच्या मधल्या पट्ट्यात फार वेळ रेंगाळतं आणि जंतू वाढतात ते तिथेच. वीज गेली आणि ती किती वेळ गेली ते माहीत नसेल तर ते चिकन टाकून द्या, दिसायला कितीही चांगलं असलं तरी.

उरलेलं दोन तासांच्या आत उथळ डब्यांमध्ये फ्रिजमध्ये, तीन-चार दिवस आरामात टिकतं. दुसऱ्या दिवशी उघडल्यावर सॉस थरथरता, गोठल्यासारखा दिसेल, घाबरू नका, थायमधून उतरलेलं जिलेटिन आहे ते, गरम झालं की सुटतं. गरम मात्र पॅनमध्ये किंवा मायक्रोवेव्हमध्ये करा, वाफा येईपर्यंत. स्लो कुकरमध्ये परत टाकू नका, तो इतका हळू तापतो की फ्रिजमधलं गार चिकन त्यात धड गरमही होत नाही आणि धड थंडही राहत नाही. आम्ही दुसऱ्या दिवशी ते तुकडे हाताने सोडवून नूडल्समध्ये टाकतो, वरून लिंबू आणि कांद्याची पात.