दुतोंडी धारेचा दगड: गोव्याच्या स्वयंपाकघरात कितपत पुरतो?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जा किंवा गावच्या हार्डवेअरच्या दुकानात, करड्या-काळ्या रंगाचा सहा ते आठ इंची दुतोंडी दगड सहज मिळतो. सिलिकॉन कार्बाईडचा, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत कार्बोरंडमचा. एक बाजू खरखरीत (साधारण 120 नंबर), दुसरी बारीक (240 च्या आसपास). स्टीलची सुरी असो की लोखंडी कोयता, झिजवण्याचे काम तो चोख करतो. उणिवा तीन: बैठक नसते, कोन धरायला काही नसते, आणि बारीक बाजूही तशी जाडच. तिन्ही घरच्या घरी भरून निघतात, म्हणून घ्यावाच.

बैठकीला ओला पंचा चौघडी करून दगडाखाली ठेवा, दगड जागचा हलत नाही. वापरण्यापूर्वी दगड दहा मिनिटे, बुडबुडे थांबेपर्यंत, पाण्यात बुडवा. गोव्यात हाताशी खोबरेल असते, पण ते दगडावर मुळीच नको. झिजलेल्या लोखंडाची भुकटी त्यात मिसळून चिकटा होतो, छिद्रे बुजतात आणि सुरी नुसती घसरते.

कोनासाठी सोपा हिशेब आहे. पात्याच्या रुंदीच्या एक तृतीयांश इतकी मागची कड वर उचलली की साधारण 20 अंश होतात. 36 मिमी रुंद पात्याला 12 मिमी. इसवण (सुरमई) कापायच्या सुरीला हाच ठीक. भाजीच्या पातळ सुरीला पाव भाग, म्हणजे 9 मिमी, पुरे. धारेलगत काळा मार्कर फिरवून दोनदा घासून पाहा: धारेच्या मागचाच रंग गेला तर कोन कमी पडतोय, अगदी टोकाचाच गेला तर जास्त होतोय. एका बाजूने घासत राहा, पलीकडे बोटाला बारीक तार (धारेवर वळून आलेली लोखंडाची कड) लागेपर्यंत, आणि तीही मुठीपासून टोकापर्यंत सलग. ही तार येण्याआधीच बाजू बदलली की तासभर घासूनही सुरी बोथट राहते. बहुतेकांचे इथेच चुकते.

पुढची पायरी दगडाच्या आवाक्याबाहेरची. उरलेल्या गुळगुळीत फरशीच्या तुकड्यावर 1000 नंबरचा वॉटर पेपर (पाण्यात चालणारा घासकागद) पाण्यानेच चिकटवा आणि धार मागे ठेवून सुरी ओढा. पुढे ढकलली तर कागद फाटतो. हलक्या हाताने प्रत्येक बाजूला दहा ओढी, मग जुन्या चामडी पट्ट्याच्या खडबडीत बाजूवर तितक्याच. मासळीच्या सुरीला मात्र वॉटर पेपर टाळा. बांगड्याच्या सालीत शिरायला धारेला थोडी कुरकुर हवी, ती दगडाची बारीक बाजूच देते. धार लावायला कपाच्या बुडाची खरखरीत कडा फक्त अडीअडचणीला: तिचा स्पर्श अरुंद, जोर एका जागी पडतो आणि धार लाटेसारखी होते.

आदोळीसाठी (विळीसाठी) दगड अख्खा वापरू नका. पाते वळलेले असते, म्हणून आदोळी घट्ट बसवून दगडाचा लहान तुकडाच पात्यावर फिरवा. आतल्या वळणाला लाटण्यावर गुंडाळलेला वॉटर पेपर. खवणीचे दाते दगडावर घासले तर टोके सपाट होतात आणि खोबरे किसण्याऐवजी चेंगरते. तिथे बारीक तिकोनी कानस, प्रत्येक खाचेत दोन-तीन फेऱ्या.

विजेच्या ग्राइंडरवर पाते निळसर पडले की त्याचे पाणी उतरले म्हणून समजा. मग धार टिकत नाही. हाताच्या दगडावर हा धोकाच नाही.

वापरून वापरून दगड मध्ये खोलगट होतो. त्यावर पेन्सिलीने चौकटी आखा आणि फरशीवरच्या 220 च्या ओल्या कागदावर सगळ्या रेघा जाईपर्यंत घासा. पावसाळ्यात लोखंडी पाते धुऊन लगेच कोरडे पुसा, वर खोबरेलाचा एक थेंब. इथे मात्र खोबरेल हवेच.