फ्रीबीएसडीवर स्वतः कम्पाइल केलेली लुआ: कापसाच्या एका हंगामानंतर

दसऱ्याला पहिली वेचणी लागली तेव्हापासून आमच्याकडचा मजुरीचा सगळा हिशेब लुआ या स्क्रिप्टिंग भाषेत चालतोय. संगणक चालवणारी सिस्टिम विंडोज नाही, लिनक्सही नाही, फ्रीबीएसडी आहे. आणि लुआ तयार पॅकेजमधून घेतलेली नाही, तिचा सोर्स, म्हणजे माणसाने लिहिलेला मूळ प्रोग्राम, आणून इथेच कम्पाइल केली आहे, म्हणजे यंत्राला चालवता येईल अशी बांधली आहे. आता फरदडही आटोपली, पऱ्हाट्या उपटणं सुरू आहे. एवढ्या वापरानंतर बोलायला काही हरकत नाही.

आमचं गाव घाटंजी तालुक्यात, यवतमाळ जिल्हा. संगणक कुठल्याशा कार्यालयातून निघालेला जुना डेस्कटॉप. पुण्याला नोकरी करणाऱ्या मामेभावाने त्यावर फ्रीबीएसडी, एक हलका डेस्कटॉप आणि ब्राउझर टाकून दिवाळीच्या बऱ्याच आधी आणून दिला आणि तो परत गेला. त्यामुळे ही सिस्टिम मी निवडलेली नाही. पण आज कोणी ती काढून दुसरं काही टाकून देतो म्हणालं तर मी नको म्हणेन, इतकी ती मला पटली आहे.

सगळ्यात आधी मुद्द्याची गोष्ट. लोक म्हणतात, सोर्समधून कम्पाइल करणं हे हौशी माणसाचं काम, साध्या माणसाने पॅकेज घ्यावं. शहरात ते बरोबर असेल. इथे इंटरनेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट, आणि रेंज गच्चीवर. पॅकेजची आज्ञा दिली की ती आधी पॅकेजांची यादी ताजी करून घेते, मधे बराच काळ गेला असेल तर पॅकेज व्यवस्थापक आधी स्वतःचीच नवी आवृत्ती मागतो, आणि हे सगळं होईपर्यंत रेंज टिकली पाहिजे. उलट लुआ ५.४ चा सगळा सोर्स, माहितीपुस्तिकेसह, साडेतीनशे केबीच्या आसपास. व्हॉट्सॲपवर येणारा एखादा फोटोही कधीकधी त्याहून मोठा असतो. फोनवर उतरवला, पेनड्राइव्हवर घेतला, झालं.

आणि तो बांधायला लागणारं सामान फ्रीबीएसडीच्या मूळ सिस्टिममध्येच असतं. हे मला सगळ्यात जास्त आवडलं. क्लँग हा कम्पायलर २०१४ च्या आवृत्ती १० पासून तिथे मूळचाच आहे, फाइली क्रमाने बांधून घेणारा मेक आहे, आणि आज्ञा लिहिताना मागची ओळ परत आणणारी लिबएडिट लायब्ररीही आहे. बऱ्याच लिनक्सवर कम्पायलर वेगळा उतरवावा लागतो. इथे काहीच उतरवायचं नाही. लुआ १९९३ पासून ब्राझीलमध्ये, रिओच्या कॅथलिक विद्यापीठात घडत आली आहे, आणि ती शुद्ध सी भाषेत लिहिलेली, सुमारे ३०,००० ओळींची आहे. तिला बाहेरची कुठलीही लायब्ररी लागत नाही. दोन्हीकडून ही अशी तयारी असल्यामुळे काम इतकं सोपं होतं.

एक गंमतीची वाटेल अशी पण खरी गोष्ट: संगणक सुरू होताना फ्रीबीएसडीचा जो मेनू दिसतो तो २०१८ च्या १२.० आवृत्तीपासून लुआतच चालतो. त्याआधी तिथे फोर्थ ही भाषा होती. तरीही टर्मिनलवर लुआ म्हणून आज्ञा दिली तर सापडत नाही असंच उत्तर येतं, कारण ती सिस्टिमची स्वतःच्या वापराची प्रत आहे. तिच्यावर आपलं काम टाकू नये. उद्या सिस्टिम बदलली की तीही बदलेल, आपल्याला न विचारता.

कम्पाइल करताना एकच ठिकाण अडचणीचं आहे. नेटवरच्या बहुतेक लेखांत मेक लिनक्स अशी आज्ञा दिलेली असते. ती फ्रीबीएसडीवर दिली की जीसीसी सापडत नाही असं म्हणून लगेच थांबते. लुआच्या मेकफाइलमध्ये, म्हणजे बांधणीच्या सूचनांच्या फाइलमध्ये, कम्पायलर म्हणून जीसीसीचं नाव आहे, आणि फ्रीबीएसडीवर तो नसतो. तिथे सीसी या नावाने क्लँग मिळतो. यासाठी जीसीसी उतरवायच्या मागे लागू नका. ५.४ मध्ये नुसतं मेक म्हटलं तरी पुरतं. पडद्यावर ‘गेसिंग फ्रीबीएसडी’ अशी ओळ येते, मेकफाइल सिस्टिमचं नाव स्वतः विचारून घेते आणि कम्पायलरसकट सगळे पर्याय बरोबर लावते. मग एकेका फाइलचं नाव सरकत जातं, आणि या म्हाताऱ्या यंत्रावरही चहा गाळेपर्यंत सगळं आटोपतं. शिवाय या पर्यायात लिबएडिट आपोआप जोडली जाते, म्हणून वरचा बाण दाबला की मागची आज्ञा परत येते. लिनक्ससाठीच्या नेहमीच्या पर्यायात ५.४ मध्ये ही सोय मुद्दाम मागावी लागते. त्या बाबतीत फ्रीबीएसडीवाले फायद्यात.

बसवताना मात्र थोडा विचार करा. मेक इन्स्टॉल म्हटलं की फाइली यूएसआर-लोकल या फोल्डरमध्ये जातात, आणि पॅकेजमधून आलेल्या गोष्टीही तिथेच राहतात. हाताने बसवलेल्या फाइलींची पॅकेज व्यवस्थापकाला काहीच खबर नसते, त्यामुळे पुढे कोणती फाइल कुठून आली हे कळेनासं होतं. मी इन्स्टॉल-टॉप या चलाला माझ्या होम फोल्डरमधली जागा दिली आणि पाथमध्ये, म्हणजे आज्ञा शोधायच्या जागांच्या यादीत, ती जोडली. काढून टाकायची वेळ आली तर एक फोल्डर पुसलं की काम झालं.

पायथॉनही करून पाहिली, तेही सांगतो. सोर्स २० एमबीच्या आसपास, म्हणजे उतरवायला पहाटे उठावं लागतं. कम्पाइल व्हायला या यंत्रावर बराच वेळ लागतो, आणि मधे वीज गेली तर यंत्र बंदच पडतं. झाल्यावर शेवटी कोणते मॉड्यूल बनले नाहीत याची यादी येते: लिबएफएफआय नसल्यामुळे सीटाइप्स नाही, एसक्यूलाइट नाही, टीके नाही. हे सगळं मिळवायला परत पॅकेजकडेच जावं लागतं, म्हणजे ज्यासाठी हा खटाटोप केला तोच मुद्दा गेला. पायथॉन उत्तम भाषा आहे, पण इथे ती पॅकेजमधूनच घ्यावी, चांगली रेंज असलेल्या ठिकाणी बसून.

आता वापराबद्दल. आमच्याकडे वेचणीची मजुरी किलोवर असते. संध्याकाळी बाया कापसाची गाठोडी काट्यावर आणतात, नाव आणि वजन लिहून घ्यायचं, आणि बाजाराच्या आदल्या दिवशी हप्त्याचा, म्हणजे आठवड्याचा, चुकारा. मी रोजची एक साधी मजकूर फाइल ठेवतो, प्रत्येक ओळीत नाव आणि किलो. लुआ ती वाचते, बेरीज करते आणि प्रत्येकीची चिठ्ठी तयार करते.

मराठी नावांनी सुरुवातीला चांगलंच झुंजवलं. लुआसाठी अक्षर म्हणजे बाइट. ‘कापूस’ या शब्दाची लांबी विचारली तर ती १५ सांगते, कारण यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. ५.३ पासून आलेल्या यूटीएफ-८ लायब्ररीला विचारलं तर ५ येतं, कारण ती काना आणि उकार वेगळे मोजते. आपल्या डोळ्याला दिसतात तीनच अक्षरं. त्यामुळे जागा भरून रकाने सरळ करण्याचा नेहमीचा मार्ग देवनागरीत वाकडाच होतो. मी तो नाद सोडला. चिठ्ठी एचटीएमएल तक्त्यात लिहितो, ब्राउझर रकाने सरळ करतो.

आकडे हा दुसरा विषय. घरात वजन लिहिणारे आम्ही दोघं-तिघं, कोणी ‘४५’ लिहितो, कोणी इंग्रजी आकड्यांत. लुआला देवनागरी ‘४५’ हा आकडा वाटतच नाही, रूपांतर मागितलं की निल, म्हणजे ‘काही नाही’, येतो. चौकटी कंसात शून्य ते नऊ असा देवनागरी पल्ला देऊनही चालत नाही, कारण पुन्हा बाइट. उपाय लहान आहे: यूटीएफ-८ लायब्ररीतला अक्षराचा तयार पॅटर्न जीसब या शोधून बदलणाऱ्या फंक्शनला द्यायचा आणि बदली म्हणून दहा आकड्यांचं टेबल. टेबलात नसलेलं अक्षर लुआ जसंच्या तसं ठेवते. दोन ओळींत प्रश्न संपला, आणि नंतर कधी उठला नाही.

यादी वर्णमालेप्रमाणे हवी असेल तर थोडं सांभाळा. साधी क्रमवारी युनिकोड या संगणकाच्या अक्षरयादीच्या क्रमाने लागते, त्यात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे येतो, ‘ह’च्या नंतर नाही. रकमा मी रुपयांत नाही तर पैशांत, पूर्णांकात ठेवतो. ५.३ पासून लुआत खरे पूर्णांक आहेत, पण साधा भागाकार केला की उत्तर नेहमी दशांश चिन्हासह येतं, म्हणून रुपयांसाठी दुहेरी तिरप्या रेघेचा भागाकार वापरायचा.

विजेचं काय ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. हिशेब लिहिला जात असताना वीज गेली तर फाइल अर्धवट राहू शकते. म्हणून प्रोग्राम आधी वेगळ्या नावाने पूर्ण फाइल लिहितो, बंद करतो, आणि मगच तिचं नाव बदलून जुन्या फाइलच्या जागी आणतो. फ्रीबीएसडीवर हे नाव बदलणं एका फटक्यात होतं, तिथे जुनी नाही तर नवी, मधलं काही दिसत नाही. विंडोजवर हीच ओळ जुनी फाइल आधीच असेल तर नाकारली जाते, हे तिकडे वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

बायांना यातलं काही माहीत असायचं कारण नाही. त्यांना वजन खरं पाहिजे आणि चुकारा वेळेवर. पण चिठ्ठी आल्यापासून एक फरक पडला. आधी कोणी विचारलं तर मला वहीची पानं उलटावी लागायची. आता शेजारची काकू काट्याजवळच विचारते, “भाऊ, ह्या हप्त्याचं माहं किती झालं?” आणि मी त्याच मिनिटाला रोजचं वजन, दर आणि बेरीज तिला वाचून दाखवतो. ती बोटावर मोजून पाहते. मोजलंच पाहिजे, घाम तिचा आहे.

उणीव म्हणाल तर लुआसोबत फार थोडं येतं. फोल्डरमधल्या फाइलींची यादी घ्यायलाही वेगळं मॉड्यूल लागतं. सीमधलं मॉड्यूल असेल तर तेही याच क्लँगने बांधता येतं, फक्त लुआच्या हेडर फाइली कुठे आहेत ते त्याला सांगावं लागतं. ज्याला वेबसाइट किंवा मोठा डेटाबेस करायचा आहे त्याने पायथॉन घ्यावी. ज्याचं काम मजकूर फाइल, बेरीज आणि चिठ्ठी एवढंच आहे, त्याने सोर्सची फाइल उतरवून जपून ठेवावी, माहितीपुस्तिका त्यातच आहे. पुढच्या हंगामात शेजारच्या दोन वावरांचा हिशेबही याच यंत्रावर घ्यायचं ठरलंय, त्यासाठी नावासोबत वावराचा रकाना जोडायचं काम सध्या सुरू आहे.