चिनी कर्जांचा फुकट डेटा आणि मला महागात पडलेला एक रकाना

दिवाळी अंकातल्या माझ्या चिनी कर्जांवरच्या लेखात आकडा चुकला. अंक छापून झाल्यावर कळलं. मग प्रत्येक प्रतीत शुद्धिपत्राची चिठ्ठी घालायची ठरली आणि तिच्या छपाईचे ८०० रुपये संपादकांनी माझ्या मानधनातून वळते केले. हे आठ महिन्यांचं पुराण त्या ८०० रुपयांपायी.

चीनने जगभर दिलेल्या कर्जांच्या आणि अनुदानांच्या नोंदींचा एडडेटाचा संच बहुतेकांना माहीत असेल. एडडेटा म्हणजे अमेरिकेतल्या विल्यम अँड मेरी विद्यापीठाची संशोधन प्रयोगशाळा. मी वापरतो ती तिसरी आवृत्ती: २००० ते २०२१, १६५ देश, २०,९८५ प्रकल्प, १.३४ लाख कोटी डॉलर. पैसे पडत नाहीत, म्हणून मी लगेच उतरवून घेतला. माझ्या ४ जीबीच्या लॅपटॉपला मात्र तो झेपेना. फाइल उघडायला लावावी आणि चहा टाकून यावं. दुरुस्तीवाला म्हणाला, “काका, रॅम वाढवा.” मी रॅम वाढवली नाही, रकाने उडवले.

त्यातच ‘रेकमेंडेड फॉर अ‍ॅग्रिगेट्स’ गेला. म्हणजे ‘बेरजेसाठी शिफारस’ हा रकाना, प्रत्येक ओळीपुढे नुसतं ‘यस’ किंवा ‘नो’. नावच असं की वाटावं, वडीलधाऱ्यांचा सल्ला आहे, ऐकला तर ऐकला. प्रत्यक्षात सगळी गंमत तिथेच आहे. नुसत्या घोषणा, रद्द झालेले आणि रखडलेले प्रकल्प, पोटात बाकीची कर्जं असलेले मोठे छत्री-करार, या सगळ्यांपुढे ‘नो’ असतं. मी त्यांच्यासकट बेरीज मारली आणि आकडा टम्म फुगला. ‘या ओळी बेरजेत घेऊ नका’ असं सरळ नाव द्यायला काय जात होतं? शुद्धिपत्र छापून येईपर्यंत मी हा संच टाकाऊ आहे असंच सगळ्यांना सांगत होतो.

मत बदललं ते श्रीलंकेतल्या हंबनटोटा बंदरामुळे. चिठ्ठीचा मजकूर लिहायचा म्हणून मूळ फाइल पुन्हा उतरवली, एकही रकाना न उडवता, आणि श्रीलंकेच्या ओळी एकेक करून वाचल्या. प्रत्येक ओळीला लांबलचक वर्णन असतं. करार कधी झाला, पैसे कुणी दिले, व्याज किती, काम कुठवर आलं, असं सगळं. (फाइल जड होते ती याच वर्णनांनी, हे तेव्हा लक्षात आलं.) बंदराच्या पहिल्या टप्प्याला २००७ मध्ये चीनच्या एक्झिम बँकेने ३० कोटी ७० लाख डॉलर दिले, ठरीव ६.३ टक्क्यांनी. आज हा दर सावकारी वाटतो, पण तेव्हा लायबोर, म्हणजे लंडनच्या बँकांचा आपसातला दरच, ५ टक्क्यांच्या वर होता. २०१७ मध्ये बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीकडे गेलं, त्याचे १.१२ अब्ज डॉलर आले आणि परकीय गंगाजळीत जमा झाले. बंदराचं कर्ज फिटलं नाही, ते सरकारच्या बोकांडी तसंच राहिलं. ‘कर्ज फेडता आलं नाही म्हणून चीनने बंदर घेतलं’ हे वाक्य मी स्वतः दोन व्याख्यानांत टाळ्या घेत म्हटलं आहे.

लाओसची रेल्वे त्याहून बोलकी. खर्च सुमारे ५.९ अब्ज डॉलर, त्यातलं मोठं कर्ज एका संयुक्त कंपनीच्या नावावर. कंपनीत ७० टक्के वाटा चिनी, ३० टक्के लाओसचा. सरकारच्या वहीत हे कर्ज दिसत नाही, पण कंपनी बुडाली तर निस्तरायचं कुणी? अशा वहीबाहेरच्या कर्जांचा अंदाज एडडेटाने २०२१ मध्ये ३८५ अब्ज डॉलर दिला होता. चीन स्वतः हा तपशील देत नाही. तो बातम्या, दूतावासांची पत्रकं, कर्जदार देशांची कागदपत्रं यांतून वेचून काढावा लागतो. म्हटल्यावर ‘यस-नो’चा रकाना लागणारच. नावाबद्दलचा राग तरी कायम आहे.

आणखी दोन गोष्टी. डॉलरमधल्या रकमा दोन प्रकारच्या आहेत, एक तेव्हाच्या डॉलरची, एक २०२१ च्या स्थिर किमतींची. एका लेखात दोन्ही मिसळू नका. दुसरं, या रकमा कबूल केलेल्या आहेत. आज थकबाकी किती, ते यावरून काढू नका.

आणि मुंबईच्या लोकलसाठी एआयआयबीने (आशियाई पायाभूत सुविधा गुंतवणूक बँकेने) मंजूर केलेले ५० कोटी डॉलर यात शोधत बसू नका. मुख्यालय बीजिंगला असलं तरी ती बहुराष्ट्रीय बँक, म्हणून तिची कर्जं या संचात येत नाहीत. माझा अर्धा तास गेला.

परवा संपादकांचा फोन आला, पुढच्या अंकाला आफ्रिकेवर लेख हवाय. त्यासाठी बॉस्टन विद्यापीठाचा संच उतरवून ठेवलाय. त्यात फक्त आफ्रिकेतली कर्जं आहेत, अनुदानं नाहीत, त्यामुळे माझा लॅपटॉपही कुरकुरत नाही. रॅम अजून वाढवलेली नाही. शुद्धिपत्राचा खर्च कुणाचा, हे मात्र या वेळी आधीच विचारून घेतलंय. संपादक हसले, उत्तर दिलं नाही.